भुकेची रेषा कुठे आखायची? पां. वा. सुखात्मे यांच्या कारकिर्दीतले एक प्रकरण

भारतात अर्धपोटी राहणारी माणसे किती, या प्रश्नाला १९७० च्या दशकात पुण्यातून दोन उत्तरे मिळाली. विनायक महादेव दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये सांगितले की खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात आहेत. त्यांची कसोटी होती माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील इतका खर्च. १९६०-६१ च्या किमतींनी ही रेषा खेड्यात दरमहा माणशी सुमारे १५ रुपयांवर आणि शहरात सुमारे साडेबावीस रुपयांवर येत होती. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांना हा आकडा मान्य नव्हता. खरोखर कमी अन्नावर जगणारे पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास असावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

दोन्ही बाजूंच्या हाती माहिती होती ती राष्ट्रीय नमुना पाहणीचीच, म्हणजे घरोघरी जाऊन खर्च विचारणाऱ्या सरकारी पाहणीची. दोघेही मुळात संख्याशास्त्रज्ञ आणि दोघेही सातारा जिल्ह्यातले. दांडेकरांची गोखले अर्थशास्त्र संस्था आणि सुखात्मे पुढे जिथे काम करत होते ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी यांच्यात पायी जाण्याएवढेच अंतर. तरीही उत्तरांत दुपटीहून जास्त फरक पडला, आणि तो एकाच निर्णयामुळे पडला: ‘पुरेसे अन्न’ याची खालची हद्द कुठे धरायची.

सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाची कारकीर्द म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला हे प्रकरण फार मोलाचे वाटते. पदव्या, पदे, शोधनिबंध हे सगळे सुखात्म्यांकडे भरपूर होते. पण त्यांचे मोठेपण आणि त्यांची चूक, दोन्ही कळतात ती या एका हद्दीच्या प्रश्नावर. मी ‘चूक’ हा शब्द जाणूनबुजून वापरते आहे. का, ते पुढे येईलच.

बुध ते रोम

सुखात्म्यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये पीएच.डी. झाले. ती जागा तेव्हा संख्याशास्त्राची पंढरी होती. फिशर, नेमन, एगॉन पिअरसन ही माणसे तिथेच होती. नमुना निवडीचे आजचे शास्त्र त्या वर्षांत आकाराला येत होते आणि सुखात्मे ते घडताना पाहत होते, त्यात भरही घालत होते.

परतल्यावर पहिली नोकरी कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत, संख्याशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. तिथे ते फार थांबले नाहीत. १९४० मध्ये शेती संशोधन परिषदेने त्यांना दिल्लीला बोलावून घेतले आणि पुढची दहाएक वर्षे शेतीच्या आकडेवारीत गेली. आरोग्याच्या संशोधकाला हे वळण आडवाटेचे वाटेल. माझ्या मते त्यांची खरी तालीम इथेच झाली.

त्या काळी पिकाचा अंदाज नजरेने होत असे. तलाठी बांधावर उभा राहून आणेवारी ठरवायचा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने दाखवून दिले की देशात धान्य किती पिकले हेच नीट माहीत नसेल तर माणसे मरतात. सुखात्म्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली. गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावात शेते तशीच निवडायची, शेतात एक तुकडा यादृच्छिक पद्धतीने आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. आज पीक विम्याची भरपाई ज्या प्रयोगांवर ठरते त्यांचे मूळ तिथे आहे. कृषी विद्यापीठात शिकलेल्या कोणालाही ‘पानसे-सुखात्मे’ ही पाठ्यपुस्तकाच्या लेखकांची जोडी वेगळी सांगावी लागत नाही.

या कामात एक वाद झाला, तो पुढच्या प्रकरणासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुकडा किती मोठा असावा? कलकत्त्यात भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे महालनोबिस काही फूट त्रिज्येची लहान वर्तुळे वापरत. लहान तुकडे स्वस्त पडतात, म्हणून जास्त घेता येतात. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की लहान तुकड्यात उत्पन्न फुगते. कारण साधे आहे. कापणाऱ्यापुढे रोप ऐन रेषेवर येते तेव्हा ते आत धरायचे की बाहेर हा निर्णय त्याला घ्यावा लागतो, आणि हात सहसा ते आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी. एक मीटर बाजूच्या चौरसाला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड असते, दहा मीटर बाजूच्या चौरसाला फक्त चाळीस सेंटिमीटर. म्हणून असे हजारो लहान तुकडे घेतले तरी ती चूक कमी होत नाही. नमुना वाढवून यादृच्छिक चूक घटते, रेषेवरची चूक तशीच राहते.

म्हणजे हद्दीवर काय घडते ते जाऊन पाहिल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे सुखात्म्यांना ऐन तिशीत पक्के ठाऊक होते.

सरासरी ही हद्द नव्हे

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. तेव्हा जगभर एक वाक्य फिरत होते: दोन-तृतीयांश मानवजात भुकेली किंवा कुपोषित आहे. ते लॉर्ड बॉइड ऑर यांचे. ऑर त्याच संघटनेचे पहिले महासंचालक, १९४९ चे शांततेचे नोबेल त्यांना मिळालेले. हेतू उदात्त होता, पण हिशोब कच्चा होता. ज्या देशांत सरासरी पुरवठा ठरावीक कॅलरींच्या खाली, त्या देशांची सगळी लोकसंख्या भुकेल्यांत धरली गेली होती.

सुखात्म्यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यांच्या मते जगातले १० ते १५ टक्के लोक, म्हणजे ३० ते ५० कोटी, कमी अन्नावर जगत होते. अन्नाच्या दर्जातली उणीव धरली तर हा आकडा निम्म्या लोकसंख्येपर्यंत जात होता. स्वतःच्या संघटनेच्या संस्थापकाने रूढ केलेला आकडा संघटनेच्याच अधिकाऱ्याने खाली आणणे सोपे नसते. भूकमुक्तीची मोहीम ऐन भरात असताना तर मुळीच नाही. सोसायटीने त्यांना पुढे ‘गाय’ (Guy) या नावाचे रौप्यपदक दिले.

त्यांची पद्धत इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण पुण्यातला वाद हिच्याच पुढच्या पायरीवर झाला. समजा एका गावात कोणीच उपाशी नाही. प्रत्येक जण आपल्या देहाला, कामाला, वयाला लागते तेवढेच जेवतो. कोणाची गरज २,२०० कॅलरींची, कोणाची ३,१००. सरासरी २,७०० निघाली. आता आपण २,७०० ही हद्द धरून ‘याहून कमी खाणारे किती’ असे मोजले, तर सुमारे निम्मे गाव भुकेले निघेल. भूक शून्य आणि आकडा ५० टक्के. म्हणजे सरासरी गरजेला हद्द मानणे ही पद्धतच खोटी आहे. प्रत्येकाची गरज किती आणि तो खातो किती, या दोन्हींचे जोडवितरण पाहायला हवे. ते हाती नसेल तर हद्द सरासरीच्या बरीच खाली घ्यायला हवी, म्हणजे तिच्याखालचा माणूस बहुतेक खात्रीने अर्धपोटी असेल. यात मला आजही तसूभर चूक दिसत नाही.

प्रथिनांबद्दलही ते असेच बरोबर ठरले. १९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या वर्तुळात ‘प्रथिनांचे संकट’ हा परवलीचा शब्द होता. माशांची पूड, यीस्ट, प्रथिनयुक्त बिस्किटे यांच्या योजना निघत होत्या. सुखात्म्यांनी भारतीय आहाराची आकडेवारी घेऊन दाखवले की ज्याला प्रथिने कमी पडतात त्याला बहुतेक वेळा आधी कॅलरीच कमी पडत असतात. आपल्याकडचा हिशोब करून पाहा. ४०० ग्रॅम ज्वारीच्या भाकऱ्यांतून सुमारे ४० ग्रॅम प्रथिने मिळतात, ४० ग्रॅम तुरीच्या वरणातून आठ-नऊ. म्हणजे ५० च्या घरात, साधारण बांध्याच्या प्रौढाला जेमतेम पुरतील इतकी. पण कॅलरी भरतात दीड हजारांच्या आसपास, आणि त्यावर नांगर धरता येत नाही. शरीर मग ती प्रथिने सरपणासारखी जाळते. दुखणे ताटातल्या एकूण अन्नाचे आहे; डबाबंद पुडीने ते जाणारे नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांचेही तेच म्हणणे होते. काही वर्षांत जगाने ते मान्य केले आणि ‘संकट’ ओसरले.

दुसरी पायरी

निवृत्तीनंतर, १९७० नंतर, सुखात्मे पुण्यात स्थिरावले. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले. मानाने बसून राहण्याचे वय आणि निमित्त दोन्ही होते. ते बसले नाहीत. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या अंगावर होता. रोजगार हमीच्या कामांवर बायका खडी फोडत होत्या. किती लोकांना किती अन्न लागते हा त्या वर्षांत इथे तरी पुस्तकी प्रश्न नव्हता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी १९७८ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’मध्ये लेख प्रसिद्ध केले. मांडणी अशी: गरज माणसामाणसांत बदलते हे झालेच, पण एकाच माणसाची गरजही दिवसेंदिवस, आठवड्यागणिक बदलते. वजन स्थिर, काम तेच, तरी आज तो २,३०० वर समतोल राखतो आणि चार दिवसांनी ३,००० वर. हे चढउतार एकमेकांत गुंतलेले असतात, आजचा दिवस कालच्याशी बांधलेला असतो. याचा अर्थ शरीर स्वतःचे नियमन करते. अन्न थोडे कमी आले की ते कमी इंधनात तेच काम भागवते. म्हणून सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खालपर्यंत माणूस ठीक असतो (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप). एकाच माणसातले विचलन सरासरीच्या सुमारे १५ टक्के धरले तर हद्द येते ७० टक्क्यांवर. २,७०० ची हद्द १,९०० पर्यंत उतरली, आणि तिच्याबरोबर भुकेल्यांचा आकडाही.

माझ्या दृष्टीने गाडी इथे रुळावरून उतरली.

हे विचलन मोजले कोणावर होते? बर्कलीच्या प्रयोगशाळेत राहणाऱ्या, नीट पोसलेल्या तरुणांवर. आणि ब्रिटिश सैन्यात भरती झालेल्या जवानांवर, ज्यांचे खाणे आणि खर्च होणारी ऊर्जा एडहोम यांच्या गटाने टिपली होती. माहिती काटेकोर होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात एकही बाई नव्हती, एकही लहान मूल नव्हते, आणि पिढ्यान्‌पिढ्या कमी अन्नावर वाढलेला एकही देह नव्हता. जवान मंगळवारी कमी जेवतो कारण मंगळवारी त्याला भूक कमी असते. शेतमजूर बाई कमी जेवते कारण डबा रिकामा असतो. दोघांच्या वहीत आकडा एकच पडेल, १,९०० कॅलरी.

आता गणित. वर्गात हे मी फळ्यावरच करून दाखवते, कारण बोलण्यात ते निसटते. रोजचे विचलन १५ टक्के धरू. दिवस एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर सात दिवसांच्या सरासरीचे विचलन १५ भागिले सातचे वर्गमूळ, म्हणजे ५.७ टक्के. तीस दिवसांचे २.७ टक्के. सुखात्मे म्हणतील, दिवस स्वतंत्र नाहीतच, आणि तो मुद्दा रास्त आहे. मग लागोपाठच्या दोन दिवसांतला सहसंबंध ०.३ धरू. सात दिवसांचे विचलन होते ७.४ टक्के, तीस दिवसांचे ३.७. म्हणजे सहसंबंधामुळे घट मंदावते, थांबत नाही. जितका काळ लांब तितकी सरासरी स्थिरावत जाते. असल्या प्रक्रियेत विचलन कायमचे १५ टक्क्यांवर अडून राहत नाही.

आणि राष्ट्रीय नमुना पाहणीत काय विचारत होते? ‘गेल्या तीस दिवसांत तुमच्या घरात ज्वारी किती लागली, तेल किती, गूळ किती.’ एका दिवसाचे नाही, महिन्याचे. एका माणसाचे नाही, घराचे. पाच माणसांचे घर आणि तीस दिवस यांची सरासरी काढल्यावर एकेका माणसाच्या रोजच्या चढउतारांतले उरते दोन टक्क्यांच्याही खाली, माणसे एकमेकांपासून स्वतंत्र धरली तर. त्या सरासरीतून ३० टक्के वजा करणे म्हणजे एका दिवसाची, एका माणसाची सूट अख्ख्या घराला महिनाभर देणे. घराघरांतला खरा फरक, म्हणजे कोणाचे काम जड, कोणाचा बांधा मोठा, तो राहतोच आणि त्यासाठी हद्द खाली घ्यायलाच हवी. पण ती १९६१ मधली पायरी. १९७८ मधली पायरी या माहितीवर चढवता येत नव्हती.

दांडेकर, गोपालन आणि इतर

१९८१-८२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त दांडेकर आणि सुखात्मे आमनेसामने आले. काही लेखांची तर शीर्षकेही एकच होती. दांडेकरांचे दोन मुद्दे मला सर्वांत भक्कम वाटतात. पहिला, दारिद्र्य आणि कमी पोषण या वेगळ्या गोष्टी आहेत. २,२५० कॅलरींची रेषा म्हणजे तिच्याखालचा प्रत्येक जण आजारी आहे असा दावा नव्हे. समाज म्हणून आपण किमान किती द्यायला बांधील आहोत याची ती खूण आहे. दुसरा मुद्दा अस्सल संख्याशास्त्राचा. कॅलरींमधला फरक जर शरीराच्या आपोआप होणाऱ्या चढउतारांचा असेल, तर तो गरीब-श्रीमंत सगळ्यांत सारखा विखुरलेला दिसायला हवा. प्रत्यक्षात खर्चाच्या पायरीबरोबर कॅलरी एकेक पायरी चढत जातात. कमी गरज असलेले देह नेमके कमी पैसे असलेल्या घरांतच का जमतात? याला सुखात्म्यांकडे समाधानकारक उत्तर नव्हते, असे मला त्यांचे लेख वाचून वाटते.

दांडेकरांच्या बाजूचेही एक लंगडे अंग होते. सरासरीला रेषा मानण्यातली जी अडचण सुखात्म्यांनी १९६१ मध्येच दाखवली होती ती २,२५० च्या रेषेलाही लागू होतीच. शिवाय पाहणीत गड्यामाणसांना घातलेले जेवण मालकाच्या घरी मांडले जाई. त्यामुळे वरच्या पायऱ्या थोड्या फुगत आणि खालच्या थोड्या खंगत.

डॉ. गोपालन यांचा आक्षेप वैद्यकाच्या बाजूने आला आणि तो मनाला जास्त भिडतो. १९८२ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने सुखात्म्यांच्या संपादनाखाली पोषणाच्या नव्या कल्पनांवर लेखसंग्रह काढला. त्यात डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाची मांडणी होती की गरीब देशांतली पुष्कळ मुले चणीने लहान असतात, पण निरोगी असतात. गोपालन यांचा सवाल होता: हे ‘लहान पण निरोगी’ फक्त गरिबांच्याच मुलांसाठी का? शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हे खरे, पण कशाच्या मोबदल्यात? मूल खेळायचे थांबते. बाई दुपारी खुरपे खाली ठेवून बसते. मुलगी पाच फुटांच्या आतच राहते आणि पुढे तिचे बाळंतपण अवघड जाते. वजनकाटा समतोल दाखवतो, कारण जगणेच आखडले आहे.

नंतरच्या मोजमापांनीही दुसऱ्या पायरीला आधार दिला नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात त्याच माणसांचा विश्रांतीच्या अवस्थेतला चयापचय, म्हणजे नुसते पडून असताना शरीर जाळते ती ऊर्जा, पुन्हा पुन्हा मोजला गेला. एकाच माणसातला फरक फारच थोडा निघाला. पार्थ दासगुप्ता आणि देवराज रे यांनी अर्थशास्त्राच्या अंगाने तेच सांगितले: दिवसांमध्ये सहसंबंध आहे एवढ्यावरून शरीर विनामोबदला जुळवून घेते असे सिद्ध होत नाही.

निकाल कुठे लागला

भारत सरकारने सुखात्म्यांची हद्द घेतली नाही. नियोजन आयोगाच्या कृतिगटाने १९७९ मध्ये खेड्यात २,४०० आणि शहरात २,१०० कॅलरी ही कसोटी ठरवली आणि १९७३-७४ च्या किमतींनी तिचे रुपये केले: खेड्यात दरमहा ४९.०९ आणि शहरात ५६.६४. तीच रेषा कितीतरी वर्षे किमतींप्रमाणे वर सरकवली गेली. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषेचा कॅलरींशी असलेला थेट दोर सोडला.

रोममध्ये मात्र सुखात्म्यांची छाप राहिली. संघटनेच्या १९८५ च्या पाचव्या जागतिक अन्न पाहणीने एका प्रश्नाला दोन उत्तरे शेजारी शेजारी छापली. विश्रांतीच्या चयापचयाच्या १.४ पट ही हद्द धरली तर विकसनशील देशांत भुकेले सुमारे ४९ कोटी. एकाच माणसातल्या चढउताराची सूट देऊन १.२ पट धरली तर सुमारे ३३ कोटी. दशांशचिन्हानंतरच्या एका आकड्यात पंधरा-सोळा कोटी माणसे आत-बाहेर होतात. नव्याने या क्षेत्रात आलेल्यांना मी हे कोष्टक आवर्जून दाखवते. कोणाची नियत वाईट नव्हती, कोणी आकडे बनवले नव्हते, आणि तरी एवढा फरक पडला. नंतर संघटनेने १.२ सोडून दिले. पण वितरण बसवून त्याच्या शेपटीतली माणसे मोजायची ही मूळची १९६१ ची चौकट आजही दरवर्षीच्या जागतिक अहवालात वापरली जाते. जागतिक भूक निर्देशांकावरून अलीकडे जे वाद पेटले त्यातला एक घटक याच चौकटीतून येतो.

सुखात्म्यांच्या मांडणीतली आणखी एक गोष्ट वादाच्या धुरळ्यात मागे पडली, आणि तिचे मला वाईट वाटते. ते सतत सांगत होते की केवळ ताटात अन्न वाढून भागणार नाही. पाणी घाण असेल, मुलाला महिन्यातून दोनदा जुलाब होत असतील, तर खाल्लेले अंगी लागत नाही. पोषणाइतकाच पैसा पाण्यावर आणि स्वच्छतेवर खर्च करा. ‘भूक कमी आहे’ म्हणणाऱ्या माणसाचे हे म्हणणे सबब म्हणून ऐकले गेले. नंतरच्या यादृच्छिक चाचण्यांनी मात्र त्याच प्रश्नाला हात घातला. अहमदनगर जिल्ह्यात शौचालयांच्या मोहिमेच्या चाचणीत मुलांची उंची वाढल्याचे दिसले. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे इथल्या मोठ्या चाचण्यांत साध्या, स्वस्त उपायांनी उंचीत फरक पडला नाही. प्रश्न अजून मिटलेला नाही, पण तो विचारण्याजोगा होता हे तरी नक्की झाले.

सुखात्मे १९९७ मध्ये पुण्यात गेले. दांडेकर त्याआधी दोन वर्षे, १९९५ मध्ये. दोघांचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त जाचतो तो प्रश्न असा: ज्या माणसाने १९४६ मध्ये शेतात उतरून रेषेवरचे रोप कोण कुठे ओढतो ते पाहिले, त्याने १९७८ मध्ये १,९०० कॅलरींच्या रेषेवर उभी असलेली माणसे तपासली का नाहीत? पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर ती होती. रोजगार हमीच्या कामावरच्या पन्नास बायकांचे वजन, खाणे आणि दिवसभराचे काम महिनाभर टिपले असते तर बर्कलीच्या माहितीची गरज उरली नसती. माझा अंदाज असा की इतक्या वर्षांनी त्यांच्या हाती तयार कोष्टके येत होती, शेत येत नव्हते. आपल्या विषयात माणूस जसजसा मोठा होतो तसतसा तो माहिती गोळा होते त्या जागेपासून दूर जातो. प्रकल्पात त्याला बोलावतात ते विश्लेषणाच्या वेळी, आणि प्रश्नावली तोवर छापून झालेली असते. मी ‘अंदाज’ म्हणाले खरे, पण आपल्या आजूबाजूला हे रोज घडताना मी पाहते.

म्हणून या प्रकरणावर काम करायला देताना मी विद्यार्थ्यांना निबंध लिहायला सांगत नाही. २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या घरगुती खर्च पाहणीची पोषणाची कोष्टके उघडायला लावते. देशाची सरासरी खेड्यात पहिल्या वर्षी २,२३३ आणि दुसऱ्या वर्षी २,२१२ कॅलरी आहे. शहरात २,२५० आणि २,२४०. दांडेकर-रथांची जुनी रेषा जवळजवळ सरासरीवरच येऊन बसली आहे. याचा अर्थ निम्मा देश भुकेला असा होत नाही, हे सुखात्म्यांनी शिकवलेच आहे. बसून करायची कामे वाढली, मुलांचे प्रमाण घटले, बाहेरचे खाणे पूर्ण मांडले जात नाही. कारणे अनेक असू शकतात. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश निघाली, हेही त्याच राज्याचे आकडे आहेत. विद्यार्थ्यांना एवढेच करायचे असते: खर्चाच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या घरासाठी एक हद्द ठरवा, तिच्यातली प्रत्येक वजाबाकी लिहा, आणि प्रत्येक वजाबाकीसमोर लिहा की ती कोणाच्या देहावर मोजली होती. दुसऱ्या रकान्यात बहुतेकांना पहिल्या प्रयत्नात काही लिहिता येत नाही. मग आम्ही तिथून सुरुवात करतो.